नुसता ‘सी’ फॉरमॅट केला, ‘डी’ला हात लावला नाही, एवढ्याने भागते का?

प्रश्न मुलुंडच्या एका गृहस्थांचा आहे आणि तो थोडक्यात असा. घरात २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे; सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एक टीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. ‘सी’ ड्राइव्ह जेमतेम १०० जीबीचा असून तो भरून लाल झाला आहे. ‘डी’मध्ये भरपूर जागा आहे, पण तिथेच आईवडिलांचे जुने फोटो, पत्नीच्या छोट्या व्यवसायाचे कागदपत्र आणि मुलीचे शाळेचे प्रकल्प आहेत, टॅलीचे हिशेबही त्याच संगणकावर आहेत. आता नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आहे आणि त्यासाठी ५०० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणून ठेवली आहे. दुकानदार म्हणतो, आधी डिस्क ‘लो लेव्हल फॉरमॅट’ करून घ्या. शेजारी म्हणतात, नुसता ‘सी’ फॉरमॅट मारा, ‘डी’ला काही होत नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि डिस्क नेमकी कशी तयार करावी, असे त्यांनी विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी दादरमध्ये संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे आणि हा प्रश्न, थोड्याफार फरकाने, आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. माझे उत्तर असे आहे की फॉरमॅट करणे हा या कामातला सर्वांत सोपा आणि सर्वांत शेवटचा भाग आहे. नवी सिस्टिम बसवणारा सेटअप ते दोन मिनिटांत स्वतःच करून टाकतो. डिस्क तयार करणे म्हणजे ती धडधाकट आहे का हे पाहणे, तिच्यावर असलेले सर्व काही दुसरीकडे सुखरूप पोहोचले आहे याची खात्री करणे आणि पुसण्याच्या क्षणी आपले बोट योग्य डिस्कवरच आहे याची काळजी घेणे. या तिन्ही गोष्टींना मिळून एक अख्खा दिवस लागतो, आणि तो दिवस द्यावा असे मी आग्रहाने सांगतो.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ. विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे बदल करण्याची आपली निकड योग्यच आहे. मात्र विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य केले आहेत, शिवाय टीपीएम २.० या सुरक्षा चिपची अट आहे. सातव्या पिढीचा आपला आय-फाइव्ह त्या यादीत बसत नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत, पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून मी ग्राहकाच्या कामाच्या संगणकावर तसे करत नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या संगणकावर उत्तम चालेल, परंतु टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे आणि लिनक्सवर ते थेट चालत नाही. तेव्हा पत्नीच्या हिशेबाचे काय करायचे, हा प्रश्न डिस्कच्या आधी सोडवावा लागेल. आपल्या घरासाठी मला सुचते ती वाट अशी की जुनी डिस्क विंडोज १०सकट तूर्त जशीच्या तशी ठेवावी, नवी सिस्टिम संपूर्णपणे एसएसडीवर टाकावी आणि टॅलीची पर्यायी व्यवस्था होईपर्यंत जुन्या डिस्कवरून संगणक सुरू करून, इंटरनेट न जोडता, फक्त हिशेबाचे काम करावे. आपण पुढे संगणकच बदलून विंडोज ११ घेतलीत, तरी खाली सांगितलेली तयारी वाया जाणार नाही.

आता ‘सी’ आणि ‘डी’विषयी. आपल्याकडे संगणक असेंबल करून देताना एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडून देण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्यातून ‘डी’ म्हणजे वेगळी, सुरक्षित जागा अशी समजूत घरोघरी रुजली आहे. प्रत्यक्षात ते एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. विंडोज बिघडली तर ‘डी’मधल्या फायली वाचतात, इथपर्यंत शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, पण डिस्कच बिघडली तर दोन्ही कप्पे एकदम जातात, आणि पार्टिशन टेबल, म्हणजे या कप्प्यांची नोंद, पुसले गेले तर दोन्ही एकदम अदृश्य होतात. शिवाय ज्याच्या भरवशावर आपण ‘सी’ कोणता आणि ‘डी’ कोणता हे ओळखतो, ती अक्षरे डिस्कवर कुठे कोरलेली नसतात, ती चालू असलेली विंडोज देत असते. सेटअपच्या पडद्यावर ‘सी’ आणि ‘डी’ नसतातच. तिथे दिसते ‘ड्राइव्ह ० पार्टिशन १’, ‘ड्राइव्ह ० पार्टिशन २’ अशी यादी, समोर आकार आणि शिल्लक जागा. घरी ‘डी’ म्हणून ओळखला जाणारा भाग या यादीत कोणत्या ओळीत आहे हे ऐनवेळी आठवत नाही, आणि त्याच ठिकाणी लोकांचा हात चुकतो.

म्हणून पहिले काम: जुन्या विंडोजमध्ये असतानाच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्रत्येक भागाचा आकार, नाव आणि क्रम त्यात दिसतो. ‘डी’ला ‘घरचे फोटो’ असे काही नाव देऊन ठेवले तर सेटअपच्या यादीतही ते नाव दिसते. या कामाला दोन मिनिटे लागतात.

दुसरे काम डिस्कच्या प्रकृतीचे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवते. वर निळा ‘गुड’, पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ असा शेरा असतो, परंतु मी त्या रंगावर कधीच थांबत नाही. खालच्या तक्त्यातल्या चार ओळी वाचतो. ०५ ही ओळ सांगते की डिस्कने आजवर किती खराब सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, पण अजून बाद न केलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःहून केलेल्या तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर. सी७चा संबंध मात्र डिस्कच्या पृष्ठभागाशी नसून केबलशी असतो: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती जाताना किती वेळा चूक झाली, ते ती ओळ मोजते. मूळ आकडे त्या तक्त्यात सोळाच्या पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणजे तिथला ‘१०’ हा आपला सोळा असतो. सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान करून घेतले की वाचायला सोपे जाते. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींसमोर प्रचंड मोठे आकडे दिसतात, त्यांनी घाबरून जाऊ नये. ती त्या कंपन्यांची मोजण्याची रीत आहे.

या आकड्यांवरून मी असा निर्णय घेतो. ०५मध्ये दोन-चार असतील आणि महिनोन्महिने तेवढेच राहिले असतील, तर ती डिस्क दुय्यम साठवणीसाठी चालेल, पण ऑपरेटिंग सिस्टिम मी तिच्यावर टाकत नाही. ०५ वाढत असेल तर डिस्क बदलायचीच. सी५मध्ये शून्याखेरीज काहीही असेल तर बाकी सर्व कामे थांबवून आधी डेटा बाहेर काढायचा. इथे एक चूक फार होते, म्हणून सविस्तर सांगतो. डिस्क हळू झाली, आवाज करू लागली की लोक आधी ‘चेक डिस्क’ चालवतात, तीही पृष्ठभाग तपासणारी लांबलचक. दुबळ्या झालेल्या डिस्कला ही तपासणी सहा-सहा तास राबवते, त्याच खराब जागा पुनःपुन्हा वाचायला लावते, आणि जो डेटा सकाळी निघाला असता तो संध्याकाळी निघत नाही. आजारी डिस्कच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे: आधी नक्कल, मग तपासणी. नक्कल करतानाही जे सर्वांत मोलाचे तेच सर्वांत आधी, म्हणजे फोटो आणि हिशेब. चित्रपट आणि गाणी शेवटी.

सी७ वाढलेला दिसला तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल काढून पुन्हा घट्ट बसवा किंवा नवी लावा. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, आठ-दहा वर्षे हात न लावलेल्या कॅबिनेटमध्ये केबलची जोडणी सैल पडलेली आणि पिना काळवंडलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. चांगली केबल लॅमिंग्टन रोडवर अगदी थोड्या पैशांत मिळते. सी७चा जुना आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही. तो आणखी वाढला नाही म्हणजे दोष केबलचाच होता असे समजावे.

तिसरे काम डेटा बाहेर काढण्याचे, आणि माझ्या अनुभवात लोक चुकतात ते इथेच, कारण ‘माझे सगळे डीमध्येच आहे’ हे वाक्य जवळपास कधीच पूर्ण खरे नसते. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फायली ‘सी’मध्ये असतात. डाउनलोड, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर कोणी मुद्दाम हलवले नसतील तर तेही ‘सी’मध्येच असतात. टॅलीचा डेटा फोल्डरसुद्धा बहुतेक ठिकाणी ‘सी’मध्येच सापडतो, नेमका पत्ता टॅलीतच, कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो, तो पाहून लिहून घ्या. विंडोज पुसायची असेल तेव्हा टॅलीचा परवाना आधी ‘सरेंडर’ करावा, नाहीतर नव्या बसवणीनंतर तो पुन्हा चालू करताना खटपट करावी लागते. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, प्रिंटर-स्कॅनरने परस्पर भलत्याच फोल्डरमध्ये टाकलेले स्कॅन, या सगळ्यांची आठवण करून पाहा.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे, सोसायटीची इतिवृत्ते, लग्नपत्रिका अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत अजून आहेत. त्या फायली आपण जपून ठेवतो, पण ज्या फॉन्टमध्ये त्या लिहिल्या तो फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये राहतो आणि विंडोजबरोबर जातो. नव्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसतो, आणि लोकांना वाटते की फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते, फॉन्ट हरवलेला असतो. म्हणून असे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या आणि महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो.

वनड्राइव्ह चालू असेल तर आणखी एक सावधगिरी. फाइलच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल आपल्या डिस्कवर नाही, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. हिरवी बरोबरची खूण असेल तर ती डिस्कवरही आहे. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘नेहमी या उपकरणावर ठेवा’ या अर्थाचा पर्याय निवडा, सर्व खुणा हिरव्या होऊ द्या आणि मगच नक्कल करा.

नक्कल कशावर करावी? पेन ड्राइव्ह हा नेण्या-आणण्यासाठी ठीक आहे, एकमेव प्रत ठेवण्यासाठी नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ती निळ्या यूएसबी पोर्टला लावा. ३०० जीबी डेटा जुन्या यूएसबी २ पोर्टवरून न्यायला पावणेतीन-तीन तास लागतात, निळ्या पोर्टवरून त्याच्या निम्म्याहून कमी. फोटोंसारख्या पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची दुसरी प्रत आणखी कुठेतरी असावी, क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. नक्कल झाली की मूळ फोल्डर आणि नकलेचा फोल्डर या दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहा. एवढ्यावरही समाधान मानू नका. ती बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधले वीस-पंचवीस फोटो, एखादा व्हिडिओ आणि हिशेबाची एखादी फाइल खरोखर उघडून पाहा. नाव दिसते आणि फाइल उघडत नाही, असे प्रकार मी पाहिले आहेत, आणि ते कळण्याची वेळ पुसण्याच्या आधीची असावी. लॅपटॉपवाल्यांनी याच टप्प्यावर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला घातलेले कुलूप, चालू आहे का तेही पाहावे आणि चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

इथवर आलो म्हणजे डिस्कचा फोटो काढून झाला, प्रकृती कळली, डेटाच्या प्रती झाल्या आणि त्या उघडून पाहिल्या. आता फॉरमॅटकडे वळू.

दुकानदाराने सांगितलेला ‘लो लेव्हल फॉरमॅट’ हा शब्द फार जुन्या डिस्कच्या काळातला आहे. तेव्हा डिस्कवर मार्ग आणि सेक्टर आखण्याचे काम वापरणाऱ्याला करता येत असे, किंबहुना करावे लागत असे. आजच्या डिस्कवर ही आखणी कारखान्यातच कायमची होते. घरी किंवा दुकानात ती करता येत नाही. त्या नावाने चालणारी सॉफ्टवेअर प्रत्यक्षात डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्ये लिहीत जातात. शून्ये लिहिण्याचा उपयोग दोन वेळा होतो. एक, डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तेव्हा. दोन, सी५मध्ये थोडे सेक्टर अडकलेले असतील आणि डेटा आधीच बाहेर काढला असेल तेव्हा. त्या सेक्टरवर नव्याने लिहिताना डिस्कला निर्णय घ्यावाच लागतो, एकतर ते ठीक ठरतात किंवा बाद होऊन ०५मध्ये जमा होतात. नवी सिस्टिम टाकण्यासाठी म्हणून ते करण्याची काही गरज नाही, आणि एसएसडीवर तर करूच नये, कारण प्रत्येक पेशीवर विनाकारण एकदा लिहिले जाते. एसएसडी पूर्ण कोरी करायची असेल तर मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिक्युअर इरेज’ असते, ते वापरावे. आपली एसएसडी नवीकोरी आहे, तिला त्याचीही आवश्यकता नाही.

विंडोजमधल्या ‘क्विक’ आणि साध्या फॉरमॅटमध्येही असाच फरक आहे. क्विक फॉरमॅट फक्त नवी अनुक्रमणिका लिहितो, जुना मजकूर खाली तसाच राहतो. क्विकची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, सगळीकडे शून्ये लिहितो. एक्सपीच्या काळात तो फक्त खराब सेक्टर तपासत असे. एक टीबीच्या साध्या डिस्कला त्यासाठी अडीच-तीन तास धरून चालावे. जुनी पण निरोगी डिस्क पुन्हा वापरात घेताना मी हा पूर्ण फॉरमॅट एकदा करतो आणि आधीचे व नंतरचे स्मार्टचे आकडे शेजारी ठेवून पाहतो. ते तसेच राहिले तर मला त्या डिस्कविषयी भरवसा वाटतो.

यानंतरचा मुद्दा एमबीआर आणि जीपीटीचा. पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या या दोन पद्धती. एमबीआर १९८३पासूनची; तिच्यात चारच मुख्य पार्टिशन होतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये दोन टीबीच्या पलीकडची जागा मोजता येत नाही. जीपीटीमध्ये विंडोज १२८ पार्टिशन करू देते आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते. पद्धत कोणती घ्यायची हे संगणक कसा सुरू होतो त्यावर ठरते: यूईएफआय ही नवी पद्धत असेल तर जीपीटी, जुना लेगसी बायॉस असेल तर एमबीआर. २०१७चा मदरबोर्ड यूईएफआय जाणतो, पण असेंबल करणाऱ्याने जुन्या सवयीने लेगसी पद्धतीने विंडोज टाकलेली असू शकते. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायॉस मोड’ या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहा. आपल्या एसएसडीवर मात्र जीपीटीच घ्या. सेटअपचा पेन ड्राइव्ह तयार करताना रूफस या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडा, आणि संगणक सुरू करताना बूट मेनूमध्ये तो पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्या नावाआधी यूईएफआय आहे तेच नाव निवडा. दुसरे निवडले तर लिनक्स लेगसी पद्धतीने बसेल, आणि विंडोजचा सेटअप ‘या डिस्कवर बसवता येत नाही’ असे सांगून अडून बसेल. जुनी डिस्क एमबीआर असली तरी ती डेटासाठी तशीच चालते. तिला बदलण्याचा खटाटोप करू नका. तिच्यावरची विंडोज जर लेगसी पद्धतीची निघाली, तर ती सुरू करता यावी म्हणून बायॉसमध्ये ‘सीएसएम’ (लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू ठेवावे लागेल, एवढे ध्यानात असू द्या.

आता जे मी सर्वांत कळकळीने सांगतो ते. सेटअप सुरू करण्याआधी संगणक बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, कॅबिनेट उघडा आणि जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा.

२०११ साली गिरगावातल्या एका छोट्या छापखान्याचा संगणक माझ्याकडे होता. आत एकाच कंपनीच्या दोन ५०० जीबीच्या डिस्क होत्या. एकीवर विंडोज, दुसरीवर छापखान्याच्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि लेटरहेडचे नमुने. सेटअपच्या पडद्यावर दोन्हींसमोर ४६५.८ जीबी असेच लिहिलेले होते. मी ‘ड्राइव्ह ०’ म्हणजे विंडोजची, असे धरून चाललो आणि पार्टिशन डिलीट केले. तो आकडा ‘अनअलोकेटेड’ झाला, आणि खालच्या डिस्कमध्ये विंडोजची छोटी १०० एमबीची पार्टिशन मला त्यानंतर दिसली. मी तिथेच संगणक बंद केला. डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या दिवशी वेगळ्या संगणकाला लावून टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने हरवलेले पार्टिशन शोधले, नोंद परत लिहिली आणि सगळे नमुने जसेच्या तसे उघडले. ते शक्य झाले कारण पुसली गेली होती ती केवळ टेबलातली नोंद, आणि त्यानंतर डिस्कवर एक अक्षरही लिहिले गेले नव्हते. हेच आज एसएसडीवर झाले असते तर गोष्ट निराळी होती: फॉरमॅट होताच विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’चा संदेश पाठवते, एसएसडी त्या जागा रिकाम्या समजून मोकळ्या करते, आणि मग कोणत्याही सॉफ्टवेअरला बहुधा काहीच सापडत नाही. त्या दिवसापासून ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल मी काढूनच ठेवतो.

केबल काढण्याचे दुसरेही कारण आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना नवी सिस्टिम एसएसडीवर टाकली, तरी संगणक सुरू करणारी छोटी ईएफआय पार्टिशन सेटअप कधीकधी जुन्या डिस्कवर करतो किंवा तिथे आधीच असलेली वापरतो. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही आणि ‘एसएसडी गेली’ म्हणून माझ्याकडे येतो. लिनक्सच्या सेटअपमध्येही बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा भाग) कुठे टाकायचा ती ओळ पडद्याच्या तळाशी असते आणि ती सहज नजरेतून सुटते. शिवाय तिथे डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी असतात आणि त्यांचा क्रम दर वेळी तोच राहील असे नसते. एकच डिस्क जोडलेली असली की हे सारे प्रश्न उद्भवतच नाहीत, आणि ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निर्धास्तपणे निवडता येतो.

लॅपटॉपमध्ये केबल काढता येत नसेल आणि डिस्कपार्ट हे आज्ञा टाइप करून चालवायचे विंडोजचे साधन वापरण्याची वेळ आली, तर ‘सिलेक्ट डिस्क’ची आज्ञा दिल्यावर लगेच पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ द्या. निवडलेल्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला एक तारा दिसतो. जीपीटीच्या रकान्यातही तारा असतो, पण तो वेगळा. आपल्याला पाहायचा तो ओळीच्या सुरुवातीचा. आकार जुळतो आहे, तारा योग्य ओळीवर आहे, हे मोठ्याने वाचून मगच ‘क्लीन’ द्या. ‘क्लीन’ पार्टिशनची नोंद पुसते, ‘क्लीन ऑल’ सगळी डिस्क शून्यांनी भरते, आणि दोन्हींपैकी कोणीही ‘नक्की का?’ असे विचारत नाही.

एसएसडीवर पार्टिशन किती करावीत? माझे मत स्पष्ट आहे: आपण स्वतः एकही करू नये. सगळी जागा मोकळी ठेवावी आणि सेटअपला हवी ती रचना करू द्यावी. आपला ‘सी’ भरला आणि ‘डी’ रिकामा राहिला, याचे कारणच मुळी आठ-नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी १०० जीबी पुरतील असा अंदाज केला हे आहे. आणि आता ‘सी’ वाढवायचा तर त्याला लागून असलेला ‘डी’ हलवावा लागेल, जे डेटासकट करणे जोखमीचे आहे. ५०० जीबीची एसएसडी यादीत ४६५ जीबीच दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, म्हणून. मिंट आपल्यापुरती ईएफआय पार्टिशन करून बाकीची जागा एक्स्ट-४ या लिनक्सच्या साठवण पद्धतीत घेते.

जुनी डिस्क परत जोडण्याआधी एक छोटी पण आवश्यक गोष्ट. जुन्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ती बंद झाल्यासारखी दिसली तरी अर्धवट झोपलेली असते आणि डिस्कचे भाग उघडेच ठेवते. मग लिनक्स ‘डी’ला फक्त वाचू देते, लिहू देत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा आणि एकदा नीट शटडाउन करा. हे सर्व केबल काढण्याच्या आधी, जुन्या विंडोजमध्ये असतानाच उरकून घेतले तर उत्तम.

कामाला सकाळी बसा, रात्री अकराला नको. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटेही टिकत नसेल तर आधी ती बदला, कारण पार्टिशन लिहिले जात असताना वीज गेली तर सगळे पुन्हा करावे लागते. नवी सिस्टिम एसएसडीवरून दोन-तीनदा व्यवस्थित सुरू झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क जोडा, बायॉसमध्ये एसएसडीला पहिला क्रम द्या, आणि त्यानंतर किमान महिनाभर जुन्या डिस्कवरचे काहीही पुसू नका. राहून गेलेली फाइल, एखादा फॉन्ट, एखादे बिल याच महिन्यात आठवते.

आपल्या डिस्कच्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे आकडे आणि ‘बायॉस मोड’समोर काय लिहिले आहे, एवढे इथेच कळवा. सी५ शून्य नसेल तर मात्र उत्तराची वाट पाहू नका, आजच फोटोंची प्रत काढायला घ्या.